कॅनकून : मध्यवर्ती बँकेने वसविलेले पर्यटननगर

शहरे सामान्यतः नदीकाठी, व्यापारी मार्गांवर, एखाद्या बंदराच्या किंवा किल्ल्याच्या आश्रयाने वाढतात. मेक्सिकोच्या पूर्व टोकाला, कॅरिबियन समुद्राच्या काठी वसलेल्या कॅनकून या शहराला असा कोणताही पूर्वेतिहास नाही. हे शहर निर्माण झाले ते एका प्रकल्प अहवालातून. आणि तो अहवाल तयार केला होता मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने. नोटा छापणाऱ्या, व्याजदर ठरविणाऱ्या संस्थेने वाळू, सूर्यप्रकाश आणि समुद्र यांचे मूल्यमापन करून एक संपूर्ण नगर वसवावे, ही घटना बँकव्यवहाराशी संबंध असलेल्या कोणालाही कुतूहलाची वाटावी अशीच आहे.

भारतीय पर्यटकांना हे नाव आता अपरिचित राहिलेले नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे हिवाळ्याच्या सुट्टीत येथे जातात आणि मुलामुलींकडे गेलेले आईवडीलही त्यांच्यासोबत ही सहल करून येतात. निळेशार पाणी, पिठासारखी पांढरी वाळू आणि माया संस्कृतीची मंदिरे पाहून ते परततात. परंतु या नगराचा जमाखर्च समजून घेतला, तर तीच सहल अधिक डोळस होते, आणि थोडी स्वस्तही.

परकीय चलनाच्या शोधात

१९६० च्या दशकात मेक्सिकोत औद्योगिकीकरणाचा वेग वाढला होता. यंत्रसामग्रीच्या आयातीसाठी डॉलर लागत होते आणि निर्यातीतून मिळणारे डॉलर त्यास पुरे पडत नव्हते. पॅसिफिक महासागरावरील आकापुल्को या जुन्या विश्रामस्थळाकडे येणारे अमेरिकन प्रवासी देशाला बरेच परकीय चलन मिळवून देत होते. हे चलन मिळविण्यासाठी माल जहाजात भरून परदेशी धाडावा लागत नव्हता. ग्राहक स्वतःच चालत येत होता. असे आणखी काही किनारे योजनापूर्वक विकसित करता येतील काय, हा प्रश्न बँको दे मेहिको या मध्यवर्ती बँकेच्या धुरिणांनी विचारात घेतला. त्या वेळी बँकेचे महासंचालक होते रोद्रिगो गोमेस, तर एर्नेस्तो फर्नांदेस उर्तादो हे त्यांचे निकटचे सहकारी आणि पुढे त्यांचे उत्तराधिकारी. प्रत्यक्ष कामाची धुरा अंतोनियो एन्रीकेस सावीन्याक या तरुण अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आली. हेच गृहस्थ पुढे मेक्सिकोचे पर्यटनमंत्री आणि त्यानंतर जागतिक पर्यटन संघटनेचे सरचिटणीस झाले.

स्थळे संगणकाने निवडली, अशी एक आख्यायिका कॅनकूनमध्ये आजही सांगितली जाते. पाऊस, तापमान, समुद्राची स्थिती यांची आकडेवारी निश्चितच अभ्यासली गेली. पण त्याचबरोबर बँकेच्या अधिकाऱ्यांनी निर्जन किनारे स्वतः जाऊन पाहिले. पैसे देण्यापूर्वी तारण प्रत्यक्ष पाहावे, हा बँकेचा जुना रिवाज येथेही पाळला गेला म्हणायचा. अखेरीस पाच ठिकाणे निश्चित झाली : कॅनकून, इख्तापा, लॉस काबोस, लोरेतो आणि वातुल्को. त्यांतील कॅनकूनला अग्रक्रम मिळण्याचे कारण केवळ सौंदर्य नव्हे. ज्या युकातान द्वीपकल्पावर ते वसले आहे, तेथील घायपाताच्या जातीच्या वाखाचा, म्हणजे एनेकेनचा, धंदा कृत्रिम धाग्यांमुळे खालावला होता. पूर्वेकडील किंताना रो हा प्रदेश तर घनदाट जंगलाचा. चिकल नावाचा डिंक गोळा करणे आणि नारळ यांवरच तेथील गुजराण. १९७० च्या जनगणनेत या संपूर्ण प्रदेशाची लोकसंख्या एक लाखही भरली नाही. ज्या भागात दुसरा कोणताही रोजगार नाही तेथेच गुंतवणूक करावी, हा निकष त्या अहवालात होता आणि तो मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९६९ मध्ये बँकेच्या अखत्यारीत ‘इन्फ्रातुर’ हा न्यास स्थापन झाला व १९७० मध्ये कामास आरंभ झाला. आंतर-अमेरिकी विकास बँकेने १९७१ मध्ये २ कोटी १५ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. त्या काळी कॅनकून बेटावर नारळाच्या बागेची राखण करणारी अवघी तीन माणसे राहत होती, आणि समोरच्या पुएर्तो हुआरेस या कोळीवाड्यात सव्वाशेच्या आत वस्ती होती, असे नोंदविलेले आहे. खासगी उद्योजकांना या जंगलात पैसा घालण्याचे धाडस होईना, म्हणून पहिल्या नऊ हॉटेलांना सरकारनेच अर्थसाहाय्य दिले. १९७४ मध्ये पहिली हॉटेले सुरू झाली. त्याच वर्षी ‘इन्फ्रातुर’ दुसऱ्या एका निधीत विलीन होऊन ‘फोनातुर’ हा राष्ट्रीय पर्यटन निधी अस्तित्वात आला, आणि ८ ऑक्टोबर १९७४ रोजी किंताना रो या प्रदेशाला राज्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जनगणनेनुसार कॅनकून शहराची लोकसंख्या ८ लाख ८८ हजारांवर गेली होती. तिघांपासून येथपर्यंतचा हा प्रवास अवघ्या पन्नास वर्षांचा आहे.

दोन शहरे

नकाशावर कॅनकूनचे बेट मराठी नव्हे, तर इंग्रजी सातच्या आकड्यासारखे दिसते. सुमारे २२ किलोमीटर लांबीची ही वाळूची चिंचोळी पट्टी असून तिच्या एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास निचुप्ते हे खारे सरोवर आहे. दोन्ही टोकांना ती पुलांनी मुख्य भूमीशी जोडलेली आहे. या पट्टीवर फक्त हॉटेले. कामगार, शाळा, बाजार, कचेऱ्या यांच्यासाठी मुख्य भूमीवर वेगळे नगर, अशी आखणी अगदी आरंभीच झाली होती. कागदावर ती नेटकी होती. मात्र युकातान, ताबास्को, चियापास येथून रोजगारासाठी येणाऱ्या माणसांचा ओघ नियोजनकारांच्या अंदाजाहून फार मोठा निघाला आणि नगराच्या उत्तरेस पाणी व सांडपाण्याची पुरेशी सोय नसलेल्या वस्त्या पसरत गेल्या. बांधकाम करणारा, खोली आवरणारा, ताटे वाढणारा माणूस रोज बसने सातच्या आकड्यावर येतो आणि रात्री परत जातो.

पर्यटकाला वाटले तर तो या दुसऱ्या शहराकडे एकदाही न फिरकता परतू शकतो. ‘सर्वसमावेशक’ पद्धतीच्या हॉटेलात निवास, जेवणखाण, करमणूक यांचे पैसे मायदेशातच आगाऊ भरलेले असतात आणि पाहुणा आवाराबाहेर पडत नाही. हॉटेलातील कामगारास वेतन मिळते हे खरे; पण बाहेरचा खानावळवाला, फळवाला, रिक्त टॅक्सी घेऊन उभा असलेला चालक यांच्या हाती त्या रकमेतील फारसे काही पडत नाही. परकीय चलन देशात येण्यासाठी नगर वसविले, आणि त्यातील मोठा भाग परदेशस्थित प्रवासकंपनी, विमानकंपनी व हॉटेलसाखळी यांच्या ताळेबंदात जमा होतो, ही या व्यवसायातील जुनी गळती होय.

यावर पर्यटकाच्या हातातला उपाय सोपा आहे. हॉटेलपट्टीवरून शहरात जाणाऱ्या बसगाड्या सतत धावतात. संध्याकाळी पार्के दे लास पालापास या चौकात कुटुंबे मुलाबाळांसह जमतात. तेथे चीज घालून गुंडाळलेली कुरकुरीत ‘मार्केसिता’, भाजलेली कणसे आणि पपई-पेरूचे रस मिळतात. मका, मिरची, टोमॅटो, पेरू, सीताफळ हे सारे आपल्याकडे अमेरिका खंडातूनच आलेले असल्याने चवी फारशा परक्या वाटत नाहीत. शाकाहारी मंडळींनी एक खबरदारी घ्यावी : घेवड्याच्या उसळीत पुष्कळदा डुकराची चरबी घातलेली असते. तिला ‘मांतेका’ म्हणतात. तो शब्द लक्षात ठेवून आधी विचारलेले बरे. समुद्रकिनाऱ्यांच्या बाबतीतही संकोच बाळगण्याचे कारण नाही. मेक्सिकोच्या कायद्यानुसार किनारे ही राष्ट्राची मालमत्ता आहे; हॉटेल कितीही आलिशान असले तरी समोरची वाळू त्याच्या मालकीची नसते. प्लाया देल्फिनेस हा विस्तीर्ण सार्वजनिक किनारा तर हॉटेलपट्टीवरच आहे.

पेसोची घसरण, डॉलरची आवक

मध्यवर्ती बँकेच्या अंदाजाला चलनाच्या इतिहासाने अनपेक्षित हातभार लावला. बावीस वर्षे स्थिर राहिलेला पेसो १९७६ मध्ये घसरला, १९८२ च्या कर्जसंकटात तो कोसळला आणि १९९४ अखेर पुन्हा तसेच झाले. मेक्सिकन नागरिकांची बचत त्यात होरपळली. डॉलर घेऊन येणाऱ्या प्रवाशाला मात्र प्रत्येक वेळी कॅनकून अधिक स्वस्त झाले. एकाच घटनेची नोंद दोन खातेवह्यांत विरुद्ध बाजूंना व्हावी, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

ऑक्टोबर १९८१ मध्ये या नव्या नगरात उत्तर-दक्षिण शिखर परिषद भरली. श्रीमंत आणि विकसनशील अशा २२ राष्ट्रांचे प्रमुख व प्रतिनिधी तेथे एकत्र आले होते. त्यांत रोनाल्ड रेगन, मार्गारेट थॅचर यांच्याबरोबर श्रीमती इंदिरा गांधीही होत्या. सप्टेंबर २००३ मधील जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिस्तरीय परिषद भारतीय वाचकांना अधिक आठवत असेल. शेतमालावरील अनुदानांच्या प्रश्नावर भारत, ब्राझील आदी देशांनी एकजूट दाखविली आणि ती परिषद निर्णयाविना संपली. वृत्तपत्रांत ‘कॅनकून’ हा शब्द तेव्हा सहलीच्या नव्हे, शेतकऱ्याच्या संदर्भात छापून येत होता.

न धरलेला घसारा

कोणत्याही प्रकल्पात यंत्रसामग्रीवर घसारा धरला जातो. कॅनकूनची यंत्रसामग्री म्हणजे वाळू, प्रवाळ, खारफुटी आणि भूगर्भातील गोडे पाणी. ही मालमत्ता निसर्गाने फुकट दिलेली असल्याने तिच्यावर घसारा धरण्याचे कोणास सुचले नाही. वाळूची पट्टी ही मुळात हलती असते. वादळात ती झिजते आणि पुढे लाटांनीच पुन्हा भरते. तिच्यावर उंच, वजनदार इमारती उभ्या राहिल्या, वाळू धरून ठेवणारी झुडपे गेली, आणि भरपाईचा हा नैसर्गिक क्रम खुंटला.

सप्टेंबर १९८८ मध्ये गिल्बर्ट या चक्रीवादळाने पहिला मोठा तडाखा दिला. त्यानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा आले. अटलांटिक महासागरात नोंदला गेलेला सर्वांत कमी वायुदाब, ८८२ मिलिबार, याच वादळाचा. ते किनाऱ्यावर येऊन अतिशय मंद गतीने सरकले. समोरच्या इस्ला मुहेरेस बेटावर २४ तासांत १,६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे आठवले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ ध्यानात येतो. वादळ ओसरल्यावर कित्येक हॉटेलांसमोर वाळूऐवजी उघडा खडक उरला. समुद्रतळाची वाळू उपसून २००६ मध्ये किनारा पुन्हा भरण्यात आला. ती वाळूही वाहून गेली, तेव्हा २००९-१० मध्ये तेच काम दुसऱ्यांदा करावे लागले. आज पर्यटक ज्या वाळूवर पहुडतो त्यातील बरीचशी अशी विकत आणलेली आहे.

खारफुटीची कथाही निराळी नाही. जानेवारी २०१६ मध्ये सरोवराकाठच्या ताहामार येथील खारफुटी बांधकामासाठी रातोरात साफ करण्यात आली, तेव्हा शहरातील नागरिक रस्त्यावर उतरले आणि न्यायालयाच्या आदेशाने काम थांबले. ज्या नगराला पूर्वपरंपरा नाही असे म्हटले जात होते, तेथे ‘आमचे शहर’ म्हणणारी पिढी तयार झाली होती, हे त्यातून प्रथम स्पष्टपणे दिसले.

याच राज्याने पुढे केलेला एक प्रयोग मात्र बँक व विमा क्षेत्रातील प्रत्येकाने अभ्यासावा असा आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रात प्रवाळांची नैसर्गिक भिंत आहे. ती मेसोअमेरिकन प्रवाळरांगेचा भाग असून, अशा रांगांत तिचा क्रमांक ऑस्ट्रेलियाच्या खालोखाल लागतो. लाटांचा जोर ती परस्पर मोडून काढते. म्हणजे ती हॉटेलांचे संरक्षण विनामूल्य करीत असते. किंताना रो सरकारने २०१८ मध्ये किनारा व्यवस्थापन न्यास स्थापन केला आणि २०१९ मध्ये या प्रवाळभिंतीचाच विमा उतरविण्यात आला. यात नुकसानीची पाहणी, पंचनामा, दावा असे काही नाही. ठरलेल्या क्षेत्रात वाऱ्याने ठरलेला वेग ओलांडला, की रक्कम देय होते. ऑक्टोबर २०२० मध्ये डेल्टा वादळानंतर आठ लाख डॉलरच्या आसपास रक्कम अशी हाती आली. प्रशिक्षित पाणबुडे तत्काळ समुद्रात उतरले, मोडलेले प्रवाळाचे तुकडे त्यांनी गोळा केले आणि सिमेंटने पुन्हा जागेवर बसविले. तुटलेले प्रवाळ फार दिवस तग धरत नाहीत. म्हणून पैसा किती मिळाला यापेक्षा तो किती लवकर मिळाला, याला येथे महत्त्व आहे. पीकविम्यात हवामानाधारित पद्धतीचा विचार करणाऱ्यांनाही हे उदाहरण उपयोगी पडावे.

परिसर

इस्ला मुहेरेस हे सुमारे सात किलोमीटर लांबीचे बेट पुएर्तो हुआरेसहून बोटीने वीस मिनिटांच्या अंतरावर आहे. नावाचा अर्थ स्त्रियांचे बेट. १५१७ मध्ये आलेल्या स्पॅनिश दर्यावर्दींना तेथे स्त्रीमूर्ती आढळल्या म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दक्षिण टोकावर इश्चेल या माया देवतेच्या देवळाचे अवशेष आहेत. जवळच्या समुद्रात पाण्याखालील शिल्पसंग्रहालय आहे. जेसन डीकेअर्स टेलर या शिल्पकाराच्या पुढाकाराने तेथे माणसांच्या आकाराची शेकडो शिल्पे बसविण्यात आली. त्यामागील हेतू असा, की पोहणाऱ्यांची गर्दी नैसर्गिक प्रवाळांकडून इकडे वळावी आणि शिल्पांवर नवे प्रवाळ वाढावेत.

चिचेन इत्सा हे माया नगर कॅनकूनपासून सुमारे २०० किलोमीटर पश्चिमेस आहे. तेथील मुख्य पिरॅमिडाच्या चारही बाजूंस ९१ पायऱ्या आणि माथ्यावरची एक, मिळून ३६५ होतात. मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनाच्या सुमारास मावळतीच्या उन्हात उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर सर्प उतरत असल्यासारखी सावली पडते. पिरॅमिडावर चढण्यास आता मनाई आहे. विशेष म्हणजे, स्मारके राष्ट्राची असली तरी त्यांखालील जमीन २०१० पर्यंत एका खासगी कुटुंबाच्या मालकीची होती. युकातान राज्य सरकारने ती २२ कोटी पेसोंना विकत घेतली. येथे जाताना घड्याळाकडेही लक्ष असावे. पर्यटकांना संध्याकाळी उजेड अधिक मिळावा यासाठी किंताना रो राज्याने २०१५ मध्ये आपली प्रमाणवेळ बदलली; त्यामुळे चिचेन इत्साची वेळ कॅनकूनच्या एक तास मागे असते. सकाळी लवकर निघणाऱ्यास हा तास बक्षीस मिळतो आणि उन्हाआधी, गर्दीआधी स्थळ पाहून होते.

दक्षिणेस सुमारे १३० किलोमीटरवर तुलुम आहे. समुद्राकाठच्या कड्यावरील हे तटबंदीचे माया नगर आकाराने लहान, पण जागेच्या निवडीत अजोड. तेथे डिसेंबर २०२३ मध्ये विमानतळ झाला, आणि त्याच महिन्यात ‘त्रेन माया’ या रेल्वेचा पहिला टप्पा कॅनकूनपर्यंत सुरू झाला. या रेल्वेवरून मोठा वाद झाला, आणि तो समजण्यासाठी युकातानची जमीन समजून घ्यावी लागते. हा संपूर्ण प्रदेश चुनखडीचा. पावसाचे पाणी जमिनीवर वाहत नाही, खाली मुरते. त्यामुळे भूपृष्ठावर नद्या जवळजवळ नाहीत. नद्या आहेत त्या जमिनीखालच्या गुहांतून वाहतात. छत कोसळून जेथे हे पाणी उघडे पडते त्या कुंडास ‘सेनोते’ म्हणतात. माया लोकांची तीच विहीर आणि तेच तीर्थ. सच्छिद्र खडकामुळे वरचे सांडपाणीही विनागाळणी याच पाण्यात उतरते आणि पुढे समुद्रात प्रवाळांपर्यंत पोहोचते. रेल्वेचे खांब अशाच गुहांच्या छतातून खाली रोवले गेले, ही विरोधकांची मुख्य तक्रार होती आणि ती निराधार म्हणता येत नाही. सेनोतेत उतरण्यापूर्वी अंगावरचे मलम धुऊन टाकण्याची सूचना असते. ती पाळण्यात कुचराई करू नये.

प्रवासी व त्याचे पैसे

हवामानाच्या दृष्टीने डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम, आणि अर्थातच सर्वांत महाग. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. दर उतरलेले असतात, पण रद्द करता येणारे आरक्षण आणि प्रवासविमा असल्याखेरीज त्या सवलतीच्या मोहात पडू नये. उन्हाळ्यात ‘सार्गासो’ हे तपकिरी शेवाळ मोठ्या प्रमाणावर किनाऱ्याला लागते व कुजल्यावर दुर्गंधी सुटते. २०११ पासून ही आपत्ती वाढत गेली असून २०२५ मध्ये तिने उच्चांक गाठला. इस्ला मुहेरेसचा उत्तर किनारा त्यातून बऱ्याच अंशी बचावतो.

भारतीय पासपोर्टधारकास मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिकेचा वैध व्हिसा असल्यास वेगळा काढावा लागत नाही. अमेरिकेतून जाणाऱ्यांनी परतीच्या प्रवेशाची कागदपत्रे, विशेषतः व्हिसावरील प्रवेशांची संख्या व मुदत, निघण्यापूर्वीच तपासावी. भारतातून थेट विमानसेवा नसल्याने वाटेतील देशाच्या व्हिसाचाही विचार करावा लागतो.

भारतात मिळणाऱ्या बहुतेक प्रवासी चलनकार्डांत पेसो भरता येत नाही; डॉलर भरावे लागतात. म्हणजे रुपयाचे डॉलर आणि डॉलरचे पेसो असे दुहेरी रूपांतर होते व दोन्ही ठिकाणी विनिमय दरातील फरक सोसावा लागतो. हॉटेलपट्टीवरील दुकाने डॉलर स्वीकारतात, पण दर त्यांचा असतो. म्हणून किरकोळ खर्चासाठी बँकेच्या आवारातील एटीएममधून पेसो काढणे श्रेयस्कर. खरी मेख आहे ती कार्ड वापरताना. यंत्र विचारते : रक्कम पेसोत घ्यावी की तुमच्या चलनात? रुपयाचा आकडा डोळ्यांसमोर दिसला की ग्राहकास हायसे वाटते आणि तो दुसरा पर्याय निवडतो. हिशेबाच्या सोयीसाठी एक पेसो म्हणजे पाच रुपये धरू. दोन हजार पेसोंचे देयक दहा हजार रुपयांचे व्हावयास हवे. व्यापाऱ्याच्या यंत्राने सहा टक्के चढा दर लावला, तर तेच १०,६०० होते, आणि ग्राहकाच्या बँकेचे परदेशी व्यवहाराचे शुल्क त्याउपरही लागू शकते. म्हणून अशा वेळी नेहमी पेसो निवडावा.

परदेश प्रवासासाठी पाठविल्या जाणाऱ्या रकमा रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या मर्यादेत मोजल्या जातात व त्यावर स्रोतावर संकलित होणारा कर लागू शकतो. त्याचे दर अंदाजपत्रकागणिक बदलत असल्याने आरक्षणापूर्वी शाखेत चौकशी करावी. हा कर विवरणपत्रात वजा मागता येतो. प्रवासकंपनीकडून मिळालेले प्रमाणपत्र त्यासाठी जपून ठेवावे. परतल्यानंतर महिनाभर कार्डाचे हिशेबपत्रक ओळ न् ओळ पाहावे, कारण हॉटेलाने अनामत म्हणून रोखून धरलेली रक्कम सुटली किंवा नाही, हे कळण्यास तेवढा अवधी लागतो.